भावंडकंप

ज्या वर्षी थोरलीच्या लेकीचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं ते कपभर चहापायी. मुलाची आई बोलणी करायला आली होती. मुलीच्या बापाने मोठ्या अगत्याने स्वतःच्या हाताने चहा पुढे केला, तर कप बशीवर असा वाजायला लागला की कुणी दार ठोठावतंय असं वाटावं. निम्मा चहा बशीत, निम्मा विहीणबाईंच्या मांडीवर. बाई उठल्या, कपडे झटकले आणि कोपऱ्यात बसलेल्या मुलीच्या काकाकडे पाहिलं. तोही आपल्याच गुडघ्यावर ठेका धरून बसला होता.

"दोघा भावांना आहे म्हणजे वंशात आहे," एवढं बोलून त्या चपला शोधायला लागल्या.

दोघे भाऊ इस्त्रीवाले. खाली दुकान, वर दोन खोल्या. थोरला सदरे नि पँटी करायचा. धाकट्याकडे नाजूक काम, कॉलरी, चुण्या, झालरी. त्याने घातलेली घडी मोडायला गिऱ्हाइकाचा जीव होत नसे. थोरल्याची बायको थोरली, ती तुटकी बटणं लावायची. धाकट्याची बायको धाकटी, ती गठ्ठे घरोघर पोचवायची. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर सासूबाई. वय ऐंशी, हात दगडासारखे स्थिर, जीभ मात्र एक क्षण स्थिर नाही.

कंपाने आधी थोरल्याला धरलं, दोन वर्षांनी धाकट्याला. त्या वर्षी सात सदरे जळाले. सातव्या सदऱ्याचा मालक वकील निघाला, तेव्हा घरात रडारड झाली.

अशात एक दिवस दुकानासमोर पांढरी गाडी थांबली. गळ्यात ओळखपत्र, हातात जाडजूड वही, अशी एक बाई उतरली. मोठ्या इस्पितळात मेंदूच्या आजारांवर संशोधन चाललं होतं, कापणाऱ्या हातांसाठी नवं औषध आलं होतं, त्यासाठी ती रोगी गोळा करत फिरत होती. गल्लीने तिचं नाव त्याच दिवशी वहीवाली ठेवलं.

"काही जणांना खरी गोळी मिळेल, काही जणांना खोटी," वहीवालीने समजावलं. "दिसायला दोन्ही सारख्या."

"खोटी म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे नुसता खडू समजा, आजी. त्यात औषध नसतं."

"माझ्या कुठल्या पोराला खडू देणार तुम्ही?"

"ते आम्हाला माहीत नसतं. डॉक्टरांनाही नसतं. तसाच नियम आहे."

"मग आमच्या कोपऱ्यावरचा झाडपालेवाला काय वाईट? आपण काय देतोय ते त्यालाही माहीत नसतं. पण तो गाडी उडवत येत नाही."

वहीवाली हसली. या बाईला हसायला येतं हे पाहून थोरलीला जरा धीर आला. तिने विचारलं, "यावर जुनं काही औषध नाही का हो?"

"आहे की. तिकडे पुढारलेल्या देशांत सगळे तेच घेतात. इथल्या दुकानांत ते येत नाही."

"मग तेच आणून द्या ना."

वहीवालीने वहीतला एक छापील कागद काढून वाचून दाखवला. इथल्या रोग्यांना तसंही काहीच मिळत नाही, तेव्हा अभ्यासात काहींना काहीच न देणं गैर नाही, असं एका कमिटीने ठरवलं होतं. थोरलीने ते वाक्य मनात दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. इतकं गुळगुळीत होतं की कुठूनच धरता येईना.

दोघा भावांनी चौदा पानांवर चौदा सह्या केल्या. त्या इतक्या कापऱ्या आल्या की इस्पितळाने त्याच आजाराचा पुरावा म्हणून लावून टाकल्या.

दोन बाटल्या आल्या. रोज सकाळी एक गोळी. गोळी बोराएवढी, आणि थोरल्याच्या घशाखाली हल्ली मोठा घास उतरत नसे. म्हणून थोरली त्याची गोळी समोरच्या दातांनी तोडून दोन तुकडे करून द्यायची, बटण लावून झाल्यावर दोरा तोडायचा तशी. पहिल्याच दिवशी तिचं तोंड जहर कडू झालं. दुपारपर्यंत थुंकत होती.

सहा आठवडे झाले, गोळी घेतली की थोरल्याचा हात दिवसभर थांबायचा. तो सकाळी इस्त्री उचलायचा आणि संध्याकाळी ठेवायचा, मध्ये एक सुरकुती सुटायची नाही. विहीणबाईंच्या कानावर गेलं. त्या "सहज इकडून चालले होते" म्हणत आल्या, चहा प्यायल्या, थोरल्याच्या हाताकडे टक लावून बसल्या आणि जाताना लग्नाची तारीख काढून गेल्या.

धाकट्याचा हात मात्र होता तसाच, उलट जास्तच. कॉलर करायला घेतली की इस्त्री कॉलरीवरून उतरून टेबलाच्या कडेला जायची. धाकटीने बोलणं टाकलं. गठ्ठे आपटायला लागली. थोरलीला राहवेना. एका सकाळी तिने धाकट्याच्या बाटलीतली गोळी घेऊन चावून पाहिली. ना कडू, ना गोड. भिंतीचा पोपडा चाटावा तशी.

ती तडक सासूबाईंकडे गेली.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही सुनांना समोर बसवलं. "एकाला औषध आणि एकाला खडू? माझ्या घरात असला पंक्तिप्रपंच चालायचा नाही. दोघांना मी एकाच पोटातून काढलंय. थोरले, तुला चवीने कळतं ना? मग एक दिवस याला कडू, एक दिवस त्याला. बाटल्या तुझ्याकडे."

"आई, पण ज्याची त्यानेच घ्यायची असा नियम आहे," थोरली म्हणाली.

"नियम करणारीला दोन पोरं असती तर तिने असा नियम केला नसता."

त्या दिवसापासून फळीवर दोन डबे उभे राहिले. लाल डब्यात कडू, निळ्यात फिकी. लाल डब्यातला घास एक दिवस थोरल्याला, दुसऱ्या दिवशी धाकट्याला. गंमत अशी की दुकान त्याआधी कधी चाललं नव्हतं इतकं नीट चालू लागलं. ज्याचा कडू दिवस तो इस्त्री धरी, दुसरा हातात हात धरून गल्ल्यावर बसे. एक हात कामावर, एक हात सुट्टीवर. गिऱ्हाइकंही हुशार झाली. झालरीचे कपडे धाकट्याच्या दिवशी टाकू लागली.

आता तिकडची मजा ऐका. महिन्याकाठी मोठे डॉक्टर तपासायला यायचे. मऊ हात, मऊ बोलणं. थोरली माणूस कॉलरीवरून ओळखायची. डॉक्टरांच्या कॉलरीला पुढून इस्त्री होती आणि मागून नव्हती, एवढं तिने पहिल्याच भेटीत हेरलं. ते भावांना अंगठ्यावर बोट आपटायला लावायचे, चालून वळायला लावायचे, कागदावर गोगलगाईच्या पाठीसारखी वळणं काढायला लावायचे. एका महिन्यात थोरल्याची गोगलगाय गोल आणि धाकट्याची चेंगरलेली. पुढच्या महिन्यात नेमकी उलट. डॉक्टरांना झोप येईना. ते लागोपाठ दोन दिवस आले. काल थोरला ठीक आणि धाकटा कापतोय, आज धाकटा ठीक आणि थोरला कापतोय. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कंप या भावातून त्या भावात जातोय!" ते वहीवालीला म्हणाले. "लिहून घ्या!"

वहीवालीने खाली मान घालून लिहून घेतलं.

त्यानंतर या घराला कोण पाहुणे आले म्हणून सांगू! परदेशातून दोघे आले, त्यांनी भावांच्या डोक्याला तारा लावल्या. तिसरीने दोघांचं रक्त नेलं, केस नेले. एकाने पाण्याची टाकी ढवळून बाटली भरली, कोळशाची राख नेली, कपड्यांना लावायची खळसुद्धा वाटीभर नेली. "दोघे जुळे का?" असं एकाने सासूबाईंना विचारलं.

"मध्ये सहा वर्षांचं अंतर आहे," सासूबाई म्हणाल्या. "मधली दोन गेली तापाने. तेव्हा नव्हतं कुणी आलं राख न्यायला."

हे कुणी लिहून घेतलं नाही.

आजाराचं बारसंही झालं. भावंडकंप. एका मोठ्या मासिकात लेख आला, डॉक्टरांना परदेशातलं बक्षीस मिळालं. वहीवालीने मासिक दाखवायला आणलं. आत दोघा भावांचा फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी, ओळख पटू नये म्हणून.

"चोर पकडल्यासारखं केलंय की," थोरला म्हणाला.

"पट्टी लावून काय उपयोग, दादा?" धाकटा म्हणाला. "अंगातल्या सदऱ्याला इस्त्री माझी आहे. सगळी गल्ली ओळखेल."

तुम्ही म्हणाल, मग या माणसांनी खरं का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर बाटल्या बंद. वहीवाली दर महिन्याला विचारायची, "ज्याची गोळी त्यानेच घेतली ना?" आणि उत्तर यायच्या आत बरोबरची खूण करून मोकळी व्हायची. थोरलीला वाटे, हिला घाई फार.

लग्न आठ दिवसांवर आलं. थोरलीने बोटांवर दिवस मोजले. लग्नाच्या दिवशी थोरल्याची पाळी येत होती खरी, पण आदल्या दिवशी मुलाकडचे सगळे घरी यायचे होते, दुसऱ्या दिवशी पाठवणीची माणसं थांबणार होती. त्यात एका दिवशी जरी थोरल्याचा हात हलला तरी विहीणबाई चपला शोधायला लागणार. सासूबाईंना विचारायची सोय नव्हती, उत्तर ठाऊक होतं. थोरलीने कुणाला विचारलंच नाही. आठ दिवस लाल डबा नवऱ्याकडे वळवला आणि निळा दिराकडे.

चौथ्या दिवशी धाकटा म्हणाला, "वहिनी, आज माझा दिवस ना?"

"तुमचाच की, भाऊजी. दिली ना मघाशी."

"मग हात का ऐकत नाही?"

"एखाद्याला एखादे वेळी लागू पडत नाही हो औषध."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण अगदी डॉक्टरांसारखं बोललो. धाकट्याने तिच्याकडे पाहिलं. घड्या घालणारा माणूस तो, आतली सुरकुती त्याला बाहेरून दिसायची. तो थोडा हसला. "बरं," म्हणाला. "पोरीचं लग्न नीट पार पडू दे."

लग्नाच्या दिवशी तो आपणहून घरी राहिला. कापणारा हात घेऊन पाहुण्यांत कशाला मिरवायचं, म्हणाला. तिकडे थोरल्याने लग्नाच्या नोंदवहीत एका झटक्यात ठसठशीत सही केली, विहीणबाईंनी ती चष्मा लावून पाहिली. इकडे धाकटा वरून इस्त्री घेऊन खाली दुकानात निघाला आणि जिन्यात पाय अडखळून आठ पायऱ्या कोसळला. संध्याकाळी सगळे परत आले तेव्हा शेजाऱ्यांनी त्याला बाकावर आडवा केला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं. इस्त्रीचं मात्र काही बिघडलं नव्हतं, तिला त्याने पोटाशी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "जाऊबाई, काल कुणाचा दिवस होता?"

"ह्यांचा."

"आणि परवा?"

थोरली भांडं घासत राहिली. ते भांडं मघाशीच घासून झालेलं होतं.

"समजलं," धाकटी म्हणाली आणि गेली.

थोरलीने मनाशी ठरवलं, आता पुढचे आठ दिवस, नव्हे महिनाभर, लाल डबा दिराचाच. पण महिना कुठला मिळायला? त्याच आठवड्यात मोठे डॉक्टर आले आणि खाटेशेजारी बसून त्यांनी मऊ आवाजात सांगितलं की अभ्यास संपला. औषध इतर ठिकाणी छान लागू पडलं. इथे मात्र आकडे अर्धेच आले. खरी गोळी घेणारेही अर्धवट बरे, खोटी घेणारेही अर्धवट बरे. तेव्हा या भागातल्या लोकांच्या मेंदूला हे औषध मानवत नाही असं दिसतं. कंपनी ते इथे आणणार नाही.

"म्हणजे बाटल्या?" थोरल्याने विचारलं.

"बंद. पण निराश होऊ नका. भावंडकंपासाठी वेगळा पाच वर्षांचा अभ्यास मंजूर झालाय. दर महिन्याला रक्त न्यायला येऊ आम्ही."

"आणि औषध?"

"त्या अभ्यासात औषध नाही."

रक्त नेणार आणि देणार काही नाही. धाकटा पडल्या पडल्या म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ढेकूणसुद्धा एवढी आगाऊ सूचना देत नाही." डॉक्टर हसले. त्यांना विनोदाची जाण होती.

थोरली रात्रभर तळमळली आणि सकाळी दोन्ही डबे पिशवीत घालून इस्पितळात गेली. डॉक्टरांची खोली गार होती. भिंतीवर मेंदूचं रंगीत चित्र, बाजूला बक्षिसाची चौकट. वहीवाली कोपऱ्यात आकडे भरत बसली होती. थोरलीने टेबलावर लाल डबा ठेवला, निळा ठेवला आणि पहिल्या कडू गोळीपासून सगळं सांगितलं. लग्नाचे आठ दिवसही सांगितले.

"तुमचा नवा आजार माझ्या सासूने काढलाय, साहेब," ती म्हणाली. "औषध चांगलं आहे. आमच्या मेंदूत काही खोट नाही. आम्ही वाटून खाल्लं, म्हणून ते अर्धं पडलं. एवढं तिकडे कळवा आणि गोळ्या चालू ठेवा."

डॉक्टरांनी मान तिरपी केली. "घरात फार ताण आहे ना तुमच्या?"

"ताण आहेच. तुम्ही एक गोळी चाखून बघा ना."

"मी औषधं चाखत नाही."

"मग तुम्हाला कसं कळणार?"

डॉक्टरांनी एक कोरा कागद ओढला. "आज वार कोणता?"

"बुधवार. का?"

"शंभरातून सात वजा करत जा."

थोरली रोज गठ्ठ्यांतले कपडे मोजणारी. "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट," ती धडाधड खाली उतरत गेली. "शेवटी दोन उरतात. आता चाखता का?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी डब्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या चौकटीकडे. चेहऱ्यावरचा मऊपणा क्षणभर गेला, आणि आतला माणूस दिसला. त्या माणसाला सगळं समजलं होतं.

"हे आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"सांगूही नका. चौदा सह्या आहेत तुमच्या घरच्या. नियम मोडला म्हणून कंपनी सगळ्या गोळ्यांचा जाब विचारू शकते. तुमच्या आजारी दिराला कशाला त्रास?" मग चेहरा पुन्हा मऊ झाला. "घरी जा. विश्रांती घ्या."

थोरलीने डबे उचलले. निघताना पाठमोऱ्या डॉक्टरांची ती मागची कॉलर दिसली. तिला वाटलं, याला बायकोही नसावी आणि आरसाही नसावा.

जिन्यात वहीवालीने तिला गाठलं.

"तुम्ही उगाच आलात, ताई," ती हळूच म्हणाली. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"वाटून खाताय ते. फक्त तुम्हीच नाही. माझ्या वहीत एकवीस घरं आहेत, त्यांतल्या अकरांत हेच. नवऱ्याची बायकोला, बापाची लेकाला. एका घरातली सून तर शेजारणीच्या सासऱ्यालाही चतकोर देते. म्हणून तर सगळ्यांचं अर्धं अर्धं आलं."

"आणि तू खूण करत गेलीस?"

"न केली असती तर बाटल्या थांबल्या असत्या. माझी नोकरीही थांबली असती." तिने डोळे पुसले. ती खरंच रडत होती, म्हणून तर थोरलीला तिचा जास्त राग आला. "मी काय करायला हवं होतं, ताई?"

"एवढं तरी सांगायचं होतंस की कुठल्या घरात दोन्ही बाटल्या कडू आहेत. तिथून चार गोळ्या तरी मागून आणल्या असत्या," थोरली म्हणाली आणि उतरून चालू लागली.

घरी येऊन तिने लाल डबा धाकटीच्या हातात दिला. "एकोणीस आहेत. सगळ्या भाऊजींच्या. ह्यांनाही विचारलंय मी, ह्यांचंही तेच म्हणणं आहे."

धाकटीने डबा घेतला. झाकण उघडून एक गोळी जिभेवर टेकवली, तोंड वाकडं केलं. "ही रोज चाखायचात तुम्ही?"

"रोज."

"मला सांगायचं तरी. मीही चाखली असती." त्यानंतर ती थोरलीशी बोलू लागली. कामापुरतंच, पण बोलू लागली.

एकोणीस दिवस धाकट्याचा हात शांत होता. खुबा मात्र जुळला नाही. विसाव्या दिवशी हात सुरू झाला आणि पुढे दिवस-रात्र चालूच राहिला. भावंडकंपवाले महिन्याच्या महिन्याला येऊन रक्त नेत होते. आता दोघे भाऊ एकाच वेळी कापत होते, तेव्हा या आजाराची दुसरी पायरी सुरू झाली, असा आणखी एक लेख डॉक्टरांनी लिहिला.

धाकटा पुढच्या जूनच्या अकरा तारखेला, गुरुवारी, सकाळी गेला. खाटेवर पडून पाठीला जखमा झाल्या होत्या आणि ताप उतरला नाही. वय बावन्न. थोरला त्यानंतर तीन वर्षांनी डिसेंबरात, घास घशात अडकून गेला. सासूबाई दोघांच्याही मागे राहिल्या. त्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, मार्चच्या दोन तारखेला, झोपेत गेल्या.